फिरत्या तपासणी गाडीची एकोणीस उद्घाटने

ज्या रोगाची तपासणी होत नाही तो रोग शहरात नसतो, हे नगरप्रशासनाचे अत्यंत काटकसरीचे तत्त्व आहे. या शहराच्या महापौरांनी मात्र ते मोडीत काढले. रोग असो वा नसो, जागरूकता असलीच पाहिजे, असे त्यांनी सभागृहात ठणकावून सांगितले. तपासणी एका वेळी एकाच बाईची होते, जागरूकता एकदम सगळ्या शहराची होते. शिवाय तपासणीत काहीतरी सापडण्याचा धोका असतो. जागरूकतेत आजवर कुणाला काही सापडल्याची नोंद नाही.

स्तनांच्या कर्करोगाविषयीचा ठराव एकमताने मंजूर झाला. (ठरावात अवयवाचा उल्लेख 'संबंधित भाग' असा होता. सभागृहात पुरुषही बसतात, याचे भान राखले गेले.) या जागरूकतेचा रंग गुलाबी, म्हणून लगोलग दुभाजक गुलाबी झाले, कचऱ्याच्या गाड्या गुलाबी झाल्या, अग्निशमन दलाचे बंबही गुलाबी झाले. घराला आग लागलेल्या दोन कुटुंबांनी बंबाला आइसक्रीमची गाडी समजून पुढे जाऊ दिले, एवढा किरकोळ प्रकार सोडल्यास मोहीम यशस्वी ठरली. पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के नागरिक जागरूक आढळले. उरलेले दोन टक्के पाहणीच्या वेळी झोपले होते.

मग आत तपासणीचे यंत्र बसवलेली फिरती गाडी आली. उद्घाटन न झालेले यंत्र वापरणे नियमबाह्य असल्याने आधी उद्घाटन ठरले, आणि प्रभाग एकोणीस असल्याने ती एकोणीस ठरली. शेजारच्या प्रभागात कापलेली फीत आपल्याला लागू नाही, असे प्रत्येक नगरसेवकाचे म्हणणे पडले. त्यात तथ्य होते. यंत्रावरचे प्लास्टिकही काढायचे नाही असे ठरले, कारण वापरलेल्या यंत्राचे उद्घाटन करायला कोण तयार होईल? महापौरांचा प्रभाग शेवटचा ठेवला. समारोप आपल्या दारात दणक्यात व्हावा, अशी त्यांची साधी इच्छा होती.

सहावे उद्घाटन आटोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने चहाचा कप पुढे ठेवला.

"अहो, आंघोळ करताना हाताला गाठ लागली. इथे, काखेजवळ."

महापौरांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. बायकोवर त्यांचा फार जीव होता. त्यांची भाषणे दोनदा ऐकणारी शहरात ती एकटीच होती. पण क्षणभरातच त्यांच्यातला प्रशासक सावरला.

"अगं, मग पहिली लाभार्थी तूच. फोटोही छान येईल."

"पण कधी?"

"आता सातवा प्रभाग आहे."

आरोग्य अधिकारी बाईंच्या कानावर हे गेले तशा त्या तडक महापौरांच्या दालनात आल्या. "साहेब, गाठ हाताला लागल्यावर गाडीबिडीची वाट बघायची नसते. वहिनींना आजच रुग्णालयात पाठवा."

"घरच्या माणसाला पुढे घालू? लोक वशिला म्हणतील," महापौर म्हणाले. मेव्हण्याला उद्यानप्रमुख आणि मेव्हण्याच्या मेव्हण्याला कारंजेप्रमुख नेमणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच तत्त्व सापडले होते. ते सोडवेना.

बायको रोज विचारायची, "कितवा?" अकरावा. चौदावा. पंधराव्यात बँडवाले रुसले म्हणून उद्घाटन पुन्हा घ्यावे लागले. पुढे तिने विचारणे सोडले. त्यावरून गाठ गेली असावी, असा निष्कर्ष महापौरांनी काढला. तिला विचारून बघण्याचे धाडस मात्र त्यांना झाले नाही.

एकोणिसाव्या उद्घाटनाला गाडीच्या दारापासून मंडपाच्या खांबापर्यंत फीत ताणून बांधली होती. महापौर भाषणाच्या तिसऱ्या पानावर होते, तेवढ्यात बायको खुर्चीवरून उठली, आरोग्य अधिकारी बाईंना घेऊन गाडीत चढली आणि चालकाला म्हणाली, "रुग्णालयात चला."

"वहिनी, फीत?" चालकाने विचारले.

"तुटेल."

फीत तुटली नाही. पालिकेच्या खरेदीत टिकाऊ निघालेली ती एकमेव वस्तू होती. गाडी निघाली तसा फितीसोबत खांब गेला, खांबासोबत मंडप गेला, आणि सगळे नगरसेवक पक्षभेद विसरून एकाच कापडाखाली आले. (विधी सल्लागारांच्या मते उद्घाटन वैध आहे.) तपासणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. गळ्यातली पदाची साखळी सावरत महापौर गाडीमागे धावले. पहिल्या चौकापर्यंत ते "अगं, फोटो" म्हणत होते. दुसऱ्या चौकापासून नुसते "अगं, थांब" म्हणत होते.

आठवड्याने अहवाल आला. गाठ कर्करोगाचीच होती. उपचार होतील, पण वेळेवर आला असतात तर शस्त्रक्रिया लहान झाली असती, असे डॉक्टरांनी सांगितले. महापौर रुग्णालयाच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

"माझंच चुकलं गं," ते म्हणाले.

"मी तरी कुठे गेले लगेच?" बायको म्हणाली. "म्हटलं, तुमचा कार्यक्रम होऊन जाऊ दे."

अशा माणसांना हसावे तेवढे थोडेच. एका फितीपायी बाईला ताटकळत ठेवायचे, हा मूर्खपणा तुमच्या-आमच्या घरात खपवून घेतला जात नाही. आपल्याकडे फक्त मुलांच्या परीक्षा होऊ द्यायच्या असतात, पाहुणे जाऊ द्यायचे असतात आणि घराचे रंगकाम आटपू द्यायचे असते. ते झाले की लगेच दाखवून येणार आहोत.