अप्पांचे एकसष्ट प्रश्न

निवृत्तीच्या पैशातून अप्पांनी घरावर चढवलेल्या दोन खोल्या पाच महिने रिकाम्या पडल्या होत्या, आणि त्याला कारण होता अप्पांचाच चार पानी फॉर्म. त्यात एकसष्ट प्रश्न होते. सतरावा असा होता: ‘घराबाहेर पडल्यावर नळ बंद केला का, हे पाहायला तुम्ही परत जाता का?’ एकानं ‘नाही’ लिहिलं, तो निष्काळजी ठरला. दुसऱ्यानं ‘हो’ लिहिलं, तो खोटारडा ठरला. तिसऱ्यानं विचारलं की तुम्ही स्वतः जाता का, त्याला तर चहासुद्धा मिळाला नाही.

अप्पांचं तरी काय चुकलं म्हणा. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. समोरचा गोड बोलायला लागला की यांचे कान टवकारायचे. आणि एवढं असूनही पहिला भाडेकरू त्यांना चांगलाच बनवून गेला. त्याचा आधीचा घरमालक फोनवर म्हणाला होता, सोन्यासारखा माणूस आहे. सोन्यासारखा माणूस आठ महिन्यांनी गेला तो गीझर, पडद्यांचे दांडे आणि दाराची बेल घेऊन. बेल त्याला कशाला लागत होती, हे कोडं अप्पांना अजून सुटलेलं नाही. फॉर्मचा जन्म झाला तो त्याच संध्याकाळी.

शेवटी काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, निकाल लावला. एक तारखेपर्यंत भाडेकरू मिळाला नाही, तर वर माझा भाऊ राहायला येईल. हा मेहुणा जुन्या मोटारसायकली विकत घ्यायचा, घरात खोलून ठेवायचा आणि परत जोडायचं विसरून जायचा. भाड्याचं नाव काढायची तर सोयच नव्हती.

हातात दोनच फॉर्म उरले होते. पहिला एका बँकेतल्या साहेबांचा. एकसष्टच्या एकसष्ट उत्तरं, सुंदर अक्षरात, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यांच्या घरमालकाला फोन केला, तर तो स्तुती करता करता थकेना. देवमाणूस आहे म्हणाला, वेळ घालवू नका म्हणाला, सामान न्यायला टेम्पोही मीच पाठवतो म्हणाला.

दुसरा फॉर्म शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंचा. अकरा उत्तरं कोरी. ‘शेजाऱ्यांशी कधी भांडण झालं आहे का?’ यापुढे लिहिलं होतं, ‘हो. डासांच्या जाळीवरून. जाळी लागली.’ त्यांच्या घरमालकीणबाईंनी तर फोनवर पाढाच वाचला. कटकटी आहे, पहाटे उठते, सारखे खिळे ठोकत असते, तुमच्या भल्यासाठी सांगते, देऊ नका.

अप्पांनी ड्रायव्हरबाईंच्या फॉर्मवर फुली मारायला पेन उघडलं. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, “किती वर्षं राहतेय ती तिथं?”

“सहा.”

“एवढ्या कटकटी बाईला सहा वर्षं ठेवून घेतलं? आणि त्या देवमाणसाला घालवायला मालक स्वतःच्या खर्चानं टेम्पो देतोय?”

अप्पांनी पेनचं टोपण लावलं. तीस वर्षांच्या नोकरीत जे कळायला हवं होतं, ते पालकची जुडी हातात घेतलेल्या बाईनं सांगितलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण एक तारखेला ड्रायव्हरबाई राहायला आल्या.

त्यानंतरची तीन वर्षं सुखाची गेली. बाई नळ गळायच्या आधी वायसर बदलायच्या. गच्चीवर त्यांनी टोमॅटो लावले, काकूंना दवाखान्यात नेलं-आणलं, आणि एकदा मेहुण्याच्या मोटारसायकलीही जोडून दिल्या, त्यामुळे तो कायमचा फिरायला निघून गेला. अप्पा मात्र दर एक तारखेला टॉर्च घेऊन वर जायचे, भिंतींची ओल तपासायचे आणि “ठीक आहे” एवढंच म्हणून खाली यायचे. कौतुक करायला त्यांची जीभ वळायचीच नाही.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, बस डेपोजवळ एक जागा आहे, बघतेय. अप्पांच्या तोंडातून “बघा” एवढंच बाहेर पडलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी फोन आला. डेपोजवळच्या जागेचे मालक बोलत होते. तुमच्या भाडेकरू बाई कशा आहेत, असं त्यांनी विचारलं.

अप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. इतरांचं खोटं पकडण्यातच त्यांचा सगळा वेळ गेला होता. पण आज ते ऐकत राहिले आणि त्यांचाच आवाज बोलत राहिला. “कटकटी आहेत. पहाटे उठतात. सारखे खिळे ठोकतात. तुमच्या भल्यासाठी सांगतो, देऊ नका.”

पलीकडून “बरं” असं आलं आणि फोन बंद झाला. काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेल्या, हे अप्पांना फार लागलं. तासभर येरझारा घालून ते वर गेले, टॉर्च न घेता. दारातच म्हणाले, “बाई, मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. त्या मालकांना परत फोन करतो आणि खरं काय ते सांगतो.”

बाई टोमॅटोला काठी बांधत होत्या. “नका करू. त्यांनी मला सांगितलं तुम्ही काय बोललात ते. मीच विनवलं होतं त्यांना, अगदी शब्दन् शब्द सांगा म्हणून.”

अप्पा दारातून गच्चीवर आले.

“माझ्या आधीच्या मालकीणबाई मी निघताना रडल्या,” बाई म्हणाल्या. “मी जाऊ नये म्हणून तुम्हाला फोनवर काय काय बोलल्या होत्या, तेही कबूल केलं त्यांनी. तुम्ही तर तीन वर्षांत ‘ठीक आहे’च्या पुढे गेला नाहीत. मी राहावं की जावं, मला कळायचं कसं? तुम्ही माझी स्तुती केली असती, तर आजच सामान बांधलं असतं. तुम्ही मला एकसष्ट प्रश्न विचारले होते, अप्पा. मी एकच विचारला.”

अप्पांनी मान हलवली. मग काठीचं दुसरं टोक धरलं आणि बाईंची गाठ बांधून होईपर्यंत तसेच उभे राहिले.

खाली आले तेव्हा काकू जिन्याशीच थांबल्या होत्या. “काय म्हणाली?”

“राहतेय,” अप्पा म्हणाले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला. “फार कटकटी बाई आहे.”