अहो, बसा

हेडसरांना पन्नासपैकी पन्नास गुण मिळाले आणि तरीही ते नापास झाले, ही बातमी सर घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचली होती.

काकू दारातच उभ्या होत्या. आधी सम्राट आत आला, बक्षीस मिळवून आल्यासारखा शेपटी हलवत. त्याच्या मागून दोरीचं दुसरं टोक धरून सर आले.

“काय झालं?” काकूंनी हळूच विचारलं. काकूंचं सगळंच हळू. त्यांचा आवाज चढलेला भिंतींनीसुद्धा कधी ऐकला नव्हता.

“काय व्हायचंय? माझा पेपर शंभर नंबरी! परीक्षक बाई स्वतः म्हणाल्या, असा पेपर आजवर कोणी लिहिला नाही. पण या ठोंब्यानं प्रात्यक्षिकात भोपळा मिळवला. मी म्हणतोय, ‘सम्राट, बस!’ हा आपला उभ्या उभ्या माशी बघतोय. ‘सम्राट, इकडे ये!’ म्हटलं, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकाकडे गेला. वर अर्जाला लावलेला स्वतःचा फोटो चाटून चाटून सोडवला आणि गिळला!”

नगरपालिकेनं त्या वर्षी नवा नियम काढला होता. कुत्रा पाळायचा तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर मालकानं परीक्षा द्यायची, लेखी आणि प्रात्यक्षिक. संधी दोनच. दुसऱ्यांदा नापास झालं तर कुत्रा पालिकेच्या श्वानगृहात जमा. सरांनी चौतीस वर्षं शाळा चालवली होती. पोरांच्या दोन पिढ्या त्यांनी नापास केल्या होत्या. त्यामुळे अर्जावर ‘मालक’ म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा काकूंना काही गैर वाटलं नव्हतं. घरात परीक्षेचा माणूस असताना दुसऱ्या कुणी कशाला जायचं?

तेवढ्यात शेजारचे वकील कुंपणावरून डोकावले. त्यांचा कुत्रा पहिल्याच फेरीत पास झाला होता आणि तेव्हापासून वकील आपला परवाना गळ्यात अडकवून हिंडत होते.

“काय सर, ग्रेसचे गुण नाहीत का हो यात?”

“तुम्ही आत जा हो!” सर ओरडले.

सम्राटनं वकिलांकडे बघून प्रेमानं शेपटी हलवली.

काकू आत गेल्या आणि ताटं घ्यायला लागल्या. आठ वर्षांचा नेम होता त्यांचा. पहिला घास सम्राटला, मग आपण. ताप असो, पाहुणे असोत, नेम कधी चुकला नव्हता. सम्राट श्वानगृहात गेला तर तो पहिला घास कुणापुढे ठेवायचा? देवाला सगळं कळतं, पण देव काही ताटाशेजारी बसून आपल्या गुडघ्यावर हनुवटी टेकवत नाही.

बाहेर सर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. “ढ आहे! मुळातच ढ! असल्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं!” त्यांच्या मागोमाग सम्राटही फेऱ्या मारत होता.

काकूंनी दारातून पाहिलं. सरांचा चेहरा लाल झालेला. डॉक्टरांनी रक्तदाबाचं बजावून सांगितलेलं. त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, बसा बघू आधी.”

सर बसले. सम्राटही बसला.

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “अहो, उठा.”

दोघंही उठले.

“अहो, जरा डावीकडे सरका.”

दोघंही सरकले. सर मधल्या टेबलाला धडकले आणि वैतागले. “हे काय चालवलंयस? उठा काय, सरका काय!”

“तुम्हाला नव्हतं म्हटलं,” काकू म्हणाल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना नवऱ्यासमोर खुदकन हसू फुटलं. “तुम्ही त्याचं नाव सम्राट ठेवलंत खरं. पण या घरात ते नाव घेतं कोण? तुम्ही दिवसभर वर्तमानपत्रात. बोलणार मीच. आणि मी म्हणते काय? अहो, जेवायला या. अहो, दार लावा. अहो, पाय पुसा. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपलंच नाव ‘अहो’.”

सरांनी सम्राटकडे पाहिलं. सम्राटनं सरांकडे पाहिलं. आठ वर्षं एकाच नावाखाली राहणारे दोन जण पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होते.

“म्हणजे तू ‘अहो’ म्हणतेस तेव्हा...”

“तो तुमच्या आधी येतो,” काकू म्हणाल्या. “नेहमीच.”

दुसरी परीक्षा चार दिवसांवर होती. नवं नाव शिकवायला वेळ नव्हता, तेव्हा सरांनी जुन्याच नावाचा सराव सुरू केला. आयुष्यात कुणालाही ‘अहो’ म्हणायची त्यांना सवय नव्हती. शाळेत सगळे ‘अरे’, घरात ‘अगं’. अंगणात उभं राहून ते आधी घसा खाकरत, मग गल्लीत कुणी नाही असं बघून म्हणत, “अहो... अहो, इकडे या!”

सम्राट ढिम्म. हा माणूस कुणाला बोलावतोय, म्हणून तोही इकडेतिकडे बघे. एकदा मात्र वकील कुंपणापलीकडून धावत आले. “बोला सर, काय म्हणता?”

“तुम्हाला नाही! कुत्र्याला!”

“कुत्र्याला अहो?” वकील म्हणाले. “आणि मला परवा म्हणालात, आत जा!”

तिसऱ्या दिवशी सरांनी हात टेकले. “त्याला तुझाच आवाज लागतो. उद्या तूच उभी राहा. पण मालक मीच हं!”

तेही जमलं नाही. लेखीचे गुण घरातल्या कुणाचेही चालत, प्रात्यक्षिक मात्र अर्ज ज्याच्या नावावर त्यानंच द्यायचं, असा नियम निघाला. तेव्हा अर्जावरचं नावच बदलायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी काकू सकाळची पूजा आटोपून पालिकेच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “मालक कोण?”

काकूंनी संकोचून मागे उभ्या असलेल्या सरांकडे बोट दाखवलं. “हे.”

“तुमचे नाहीत हो, कुत्र्याचे!”

“कुत्र्याची मी,” काकू म्हणाल्या.

कारकुनानं अर्जावरचा सरांचा फोटो उपटला, टाचणीनं एका कोपऱ्यात अडकवला आणि त्या जागी काकूंचा चिकटवला. सर दुसरीकडे बघत राहिले.

मैदानात परीक्षक बाई पेन्सिल कानावर खोवून बसल्या होत्या. सरांना कुंपणाबाहेर चहाच्या टपरीजवळ उभं केलं होतं. काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? बसा.”

सम्राट बसला. कुंपणाबाहेर सर बाकावर बसले.

परीक्षक बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. “आता दहा पावलं लांब जा. त्यानं जागचं हलता कामा नये.”

“अहो, इथंच थांबा हं. कुठं जाऊ नका.”

सम्राट दगडासारखा थांबला. बाहेर सर टपरीवाल्याकडे निघाले होते. त्यांचा एक पाय उचललेला होता, तो तसाच खाली आला.

शेवटची परीक्षा बिस्किटाची. परीक्षक बाईंनी ते सम्राटच्या नाकासमोर ठेवलं. सम्राटच्या तोंडाला पाणी सुटलं. तो वाकला. काकू कळवळून म्हणाल्या, “अहो, नको! सोसत नाही तुम्हाला!”

सम्राटनं मान वळवली. टपरीवर साखरेचं पथ्य असलेल्या सरांनी तोंडाशी नेलेलं बिस्कीट हळूच बरणीत परत टाकलं.

परीक्षक बाई एकदा आत बघत होत्या, एकदा बाहेर. शेवटी त्या म्हणाल्या, “काकू, पन्नासपैकी पन्नास. पण मला एक सांगा, बाहेरच्यांना कुणी शिकवलं?”

“चाळीस वर्षं झाली हो लग्नाला,” काकू लाजून म्हणाल्या.

“आणि अर्जावर सम्राट लिहिलंय. ज्या नावानं हाक मारता तेच लिहावं लागतं. मी बदलून देते.”

त्या दिवशी काकूंनी पहिला घास जरा मोठाच ठेवला.

आठवड्यानं टपालानं परवाना आला. पाकीट सरांनी फोडलं. परीक्षेचा निकाल आधी आपण बघायचा, ही जुनी सवय. ते वाचत गेले आणि वाचता वाचता खुर्चीत टेकले.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

सरांनी परवाना पुढे केला. मालक म्हणून काकूंचं नाव आणि फोटो. त्याखाली प्राण्याचं नाव : अहो. रंग : पांढरट. स्वभाव : मोठ्यानं भुंकतो, चावत नाही. आणि शेजारच्या मोकळ्या चौकटीत, जिथे लावायचा फोटो सम्राटनं गिळला होता तिथे, कारकुनानं टाचणीला उरलेला फोटो नीट चिकटवून दिला होता. चष्मा, टाय आणि करडी नजर.

काकूंनी तोंडाला पदर लावला. “अगबाई! उद्याच जाऊन बदलून आणूया.”

“नको,” सर घाईनं म्हणाले. “राहू दे.”

“अहो, पण असं कसं?”

“चूक काढायला गेलो तर पुन्हा परीक्षा घेतील.”

“तो होईल की पास. आता तर पाठच झालंय त्याला.”

“त्याची नाही गं,” सर म्हणाले. “फोटोतल्याची.”

काकू बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून स्वयंपाकघरात गेल्या. चहाला उकळी आली तेव्हा त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात हाक मारली, “अहो, या. चहा झालाय.”

पावलं वाजली. काकूंनी सवयीनं खाली पाहिलं, तर खाली कुणी नव्हतं. दारात सर उभे होते, थोडे धापा टाकत. सम्राट त्यांच्या मागे होता.