दुर्गे सरांची दोन पानी सही

दौलत दुर्गे यांनी ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरचा माउस वायरीसकट उपसला, टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. साक्षीनं तसं काही सांगितलं नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं होतं की या मेलला माउस लागत नाही. पण तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कारकुनी केलेल्या माणसाला, जी वस्तू लागत नाही ती कुलपात जाते, एवढं पक्कं ठाऊक होतं.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या त्या कॉलेजात हा कॉम्प्युटर आला त्याला चौदा वर्षं झाली होती. त्यावर मेल उघडायची म्हणजे बटण दाबावं, खाली जाऊन चहा घ्यावा, दोन मुलांना पुस्तकं काढून द्यावीत, आणि परत येऊन बघावं तर पडद्यावर अजून चक्र फिरतंय. नव्या मशीनची मागणी दर वर्षी जायची आणि 'पुढील वर्षी पाहू' असा शेरा घेऊन परत यायची. शेवटी बासरला कॉम्प्युटर शिकणारी त्यांची मुलगी साक्षी दसऱ्याच्या सुट्टीत आली आणि तिनं नुसत्या अक्षरांची मेल बसवून दिली. चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. प्रत्येक कामाला एक अक्षर. उत्तर द्यायचं तर आर दाबायचा, पाठवायचं तर वाय. मेल दाबल्याबरोबर उघडायची.

सेटिंगची फाइल मात्र अर्धी राहिली, कारण साक्षीची बस सुटत होती. उरलेली तिनं दुसऱ्या दिवशी फोनवरून सांगितली.

"बाबा, आता लिवा. सेट, जागा, सिग्नेचर, मंग बरोबरचं चिन्ह."

"जागा म्हंजे?"

"म्हंजे रिकामी जागा सोडा."

"किती सोडू?"

"एक, बाबा! एकच!"

दौलतरावांनी आधीच टाइप केलेला 'जागा' हा शब्द गुपचूप पुसला.

"आता फाइलचं नाव टाका. सही. एस ए एच आय. त्या फाइलीत तुमचं नाव आन् हुद्दा लिवून ठेवा. तुमी कोनाले उत्तर देलं की ते सगळ्यात खाली आपोआप लागते."

"मी नाही लावलं तरी?"

"तुमाले कोन विचारते? आपोआप म्हंजे आपोआप."

आठवडाभरात दौलतराव या मेलवर खूश झाले. पूर्वी चार दिवसांनी जाणारी उत्तरं आता चार मिनिटांत जायला लागली. आणि याच काळ्या पाटीवर एका दुपारी रुख्मिणीबाईंची ऑर्डर आली.

रुख्मिणीबाई म्हणजे दौलतरावांची बायको. गावालगतच्या मावल्याच्या अंगणवाडीत बावीस वर्षं शिकवत होत्या. सुपरवायझरच्या परीक्षेला बसल्या तेव्हा अर्जावर नवऱ्याचा मेलचा पत्ता दिला होता, कारण स्वतःचा नव्हता. पास झाल्या. नेमणूक मिळाली नारनूरला, उटनूरच्याही पुढे. रोज जाऊन येऊन होण्यासारखं नव्हतं, तिकडे खोली करूनच राहावं लागणार होतं. पंधरा दिवसांत होकार-नकार कळवा, असं खाली लिहिलं होतं.

दौलतरावांनी कागद छापून घरी नेला. रुख्मिणीबाईंनी तो गॅसपाशी उभ्यानंच वाचला.

"नारनूर?" दौलतराव म्हणाले. "कायले जाता एवढ्या दूर? तिकडचं पानीबी खराब हाये म्हनते. इथं काय कमी हाये?"

रुख्मिणीबाईंनी कागदाची घडी घातली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं आटलं. पाणी तापलं. डबा भरला. लाइट गेली. असे दोन-दोन शब्द. भांडण झालं असतं तर दौलतरावांना बरं वाटलं असतं. भांडणात निदान आपली बाजू मांडता येते. इथे त्यांची बाजू कुणी विचारतच नव्हतं. आणि विचारली असती तरी त्यांना ती सांगता आली नसती, कारण पाणी खराब असल्याचं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं गेली, ग्रंथालय रिकामं झालं. दौलतरावांनी एक कोरी पाटी उघडली आणि लिहायला लागले. त्या पडद्यावर देवनागरीच्या वेलांट्या उड्या मारायच्या, म्हणून इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहिलं.

'मी रुख्मिणीले नारनूर नको म्हटलं. पान्याचं निमित्त केलं. खरं असं हाये की संध्याकाळी सहा ते नऊ मी एकटा घरात काय करू, मले समजत नाही. छप्पन वर्षांचा झालो, पन गॅसचं सिलिंडर बदलता येत नाही. तिले जायचं हाये. भेते ती नाही, मी भेतो.'

लिहून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. पाटी मिटायला गेले तर खाली कॉम्प्युटरनं विचारलं, नाव काय देऊ? आयुष्यभर ज्या ज्या कागदानं शेवटी नाव विचारलं तिथे दौलतरावांनी सहीच केली होती. त्यांनी टाइप केलं, सही. कॉम्प्युटरनं पुन्हा विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? हो म्हणायला वाय दाबायचा, हे त्यांना आता झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी वाय दाबला.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. दुपारी सही उघडायची, चार ओळी वाढवायच्या, मिटायची. 'ती परीक्षेचा अभ्यास करत होती तवा मी टीव्हीचा आवाज कमी नाही केला. मले वाटलं पास होनार नाही.' पुढच्या दिवशी, 'आज तिनं वांग्याची भाजी केली. मी चांगली झाली म्हननार होतो. नाही म्हटलं.'

त्याच दिवसांत कामाच्या मेली वाढल्या. निजामाबादचा पुस्तकविक्रेता भारत एरवी बिलाशिवाय ओळ लिहीत नसे. त्यानं आपणहून लिहिलं, 'सर, धीर धरा, सगळं ठीक होईल.' दौलतरावांना वाटलं, अडकलेल्या पार्सलाबद्दल लिहितोय. 'धीर धरला आहे, पण लवकर करा,' असं त्यांनी उत्तर दिलं. दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी पुस्तकांच्या मांडण्या किती आहेत ते विचारलं. उत्तर गेल्यावर, त्यांतल्या लाकडी किती आणि लोखंडी किती, ते विचारलं. तेही कळवल्यावर, रंग कोणता? दौलतराव प्रत्येक मेलला इमानानं उत्तर देत गेले. प्रिन्सिपलच्या ऑफिसातले सुपरिंटेंडेंट राजकुमार एक दिवस स्वतः वर चढून आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुर्गे सर, एकटं वाटलं त आमच्याकडं जेवायले येत जा." रिटायरमेंट जवळ आली की लोक चांगलं वागायला लागतात, असं दौलतरावांनी ऐकलं होतं. चार वर्षं आधीपासून वागतात हे नवीन होतं.

तेराव्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई डबा हातात देताना म्हणाल्या, "कळवून टाका त्यायले. येत नाही म्हना."

म्हणजे दौलतराव जिंकले होते. कॉलेजपर्यंत चालताना मात्र त्यांना काहीतरी चोरून नेत असल्यासारखं वाटत होतं. त्यांनी ऑर्डरची मेल उघडली, आर दाबला आणि वरच्या बाजूला इंग्रजीत लिहिलं की घरगुती कारणामुळे अर्जदार ही नेमणूक स्वीकारू शकत नाही. खाली अख्खी ऑर्डर उतरलेली होती. तिच्याही खाली काय आहे ते कधीच पडद्यावर दिसत नसे आणि त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. वाय दाबला. मेल गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन आला.

"दुर्गे सर काय? मी रश्मी बोलतो, अंगनवाडीच्या ऑफिसातून, क्लार्क. तुमच्या बाईची मेल आली आमाले. वर लिवलं हाये येत नाही. खाली लिवलं हाये तिले यायचं हाये. फाइलीत कोनतं लावू?"

"खाली? खाली काय हाये?"

"वाचून दाखवू काय? 'मी रुख्मिणीले नारनूर नको म्हटलं. पान्याचं निमित्त केलं...'"

दौलतरावांनी फोन कानाला तसाच धरून ग्रंथालयाचं दार आतून लावलं.

"हॅलो? सर? टीव्हीचं वाचू का?"

"नको! तुमी... तुमी सारं वाचलं?"

"वाचलं म्हंजे? आमच्या ऑफिसर मॅडमनं प्रिंट काढाले लावली. दोन पानं झाली. मॅडम तेलुगूच्या हाये, त मी त्यायले एकेक ओळ समजावून सांगितली. वांग्याच्या भाजीपाशी मॅडम म्हनल्या, थांब जरा." रश्मीनं आवाज खाली आणला. "सर, भाजी चांगली झाली म्हनाचं होतं जी तुमी."

"पोरी, ते चुकून गेलं. ते फाडून टाक."

"फाडता नाही येत, आवक नंबर पडला. मॅडम म्हनते वरच्या मजकुराखाली सही नाही आन् खालचा मजकूर साराच सही हाये, दोन्ही धरता येत नाही. उद्या मुदत सरते. उद्या अकराच्या आत बाईले स्वता घेऊन या. एकच काय ते सांगू द्या."

दौलतरावांनी साक्षीला फोन लावला. तिनं एकच प्रश्न विचारला, फाइलला नाव काय दिलं होतं? उत्तर ऐकून तिनं 'सही' हा शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, आता पाठवलेल्या मेलीची यादी उघडा. एकेक शेवटपर्यंत खाली जाऊन पाहा."

एकतीस उत्तरं होती. भारतला गेलेल्या मेलीखाली गॅसचं सिलिंडर होतं. प्रिन्सिपलला पाठवलेल्या जुन्या पुस्तकांच्या यादीखाली सहा ते नऊची संध्याकाळ होती. ग्रंथपालबाईंना मांडण्यांच्या आकड्याखाली टीव्ही गेला होता, लाकडी-लोखंडीच्या हिशेबाखाली वांगी. रंगाच्या उत्तराखाली तर सगळंच. लोक पुढच्या हप्त्यासाठी मांडण्यांचे रंग विचारत होते.

"साक्षी," दौलतराव म्हणाले, "आता तुह्या मायले काय सांगू?"

"सांगू नका. तुमाले सांगता येते काय? छापून द्या."

संध्याकाळी रुख्मिणीबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. दौलतरावांनी दोन पानं पाटावर ठेवली आणि, "हे साऱ्या जिल्ह्यात गेलं. आता तुमी वाचा," असं म्हणून दारापाशी जाऊन उभे राहिले. रुख्मिणीबाईंनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्या ओठ हलवत वाचत होत्या. पहिलं पान. दुसरं पान. मग पुन्हा पहिलं.

"टीव्हीचा आवाज मोठा होता म्हनून मी अंगनवाडीत बसून अभ्यास केला," त्या म्हणाल्या. "तिथं पोरं नसली की बरी शांती राहते. घरी बसली असती त नापास झाली असती."

"तुमी रागावल्या नाही?"

"मी कुठं रागावली होती?"

"दोन हप्ते झाले, बोलून नाही राह्यल्या."

रुख्मिणीबाईंनी पानांची कड सरळ केली. "लाज वाटून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तुमी नको म्हटलं त मले बरं वाटलं. पंचवीस अंगनवाड्या पाहाच्या, तेलुगूत रिपोर्ट लिवाचे, नव्या गावात एकटीनं खोली घ्याची. मीबी भेली होती. मनात म्हटलं, चला, नवऱ्यानंच अडवलं, आपल्यावर काही आलं नाही. तुमी फुकट वाईट झाले आन् मी गप राह्यली. कोन्या तोंडानं बोलू?"

दौलतराव दारातून आत आले. एवढ्या वर्षांत ही बाई कशाला घाबरते हे त्यांना माहीत नव्हतं. पालीला सुद्धा नाही, असं ते लोकांना सांगत आले होते.

"मंग उद्या काय सांगाचं?" त्यांनी विचारलं.

"आता काय सांगाचं! जिल्ह्याले माहीत झालं की मले जायचं हाये. मलेच काय ते नव्हतं माहीत."

दुसऱ्या दिवशी दोघं अकराच्या आधीच ऑफिसात पोचले. रश्मीनं खुर्च्या दिल्या. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक एकेक करून उठून काही ना काही शोधायला त्यांच्यापाशी येऊन गेले. मॅडमनी रुख्मिणीबाईंना तेलुगूत विचारलं, नवऱ्याची परवानगी आहे का? रुख्मिणीबाई अडखळत, पण तेलुगूतच म्हणाल्या, "त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. ऑर्डर द्या." मॅडम हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

बाहेर रस्ता ओलांडून दोघं हॉटेलात बसले. दौलतरावांनी दोन चहा सांगितले. चहा आला. रुख्मिणीबाईंनी ऑर्डरचा कागद उलगडून बोट फिरवत वाचला आणि बोट मध्येच थांबलं.

"माह्या नावातलं एक अक्षर सुटलं."

"आना इकडं," दौलतराव कागद घेत उठले. "मी दुरुस्त करून आनतो. रश्मीले सांगतो."

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

"तुमी बसा," त्या म्हणाल्या. "मी जातो."

पदर खोचून, दोन्हीकडचे ऑटो बघत त्यांनी रस्ता ओलांडला आणि ऑफिसचा जिना एकट्याच चढून गेल्या. दौलतराव बाकावर बसून राहिले. समोर दोन कप होते. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आपल्या कपाखालची बशी काढली आणि तिच्या कपावर झाकून ठेवली.