राक्षसास शिंक आली त्याची हकीकत

श्रीरंगदेवता प्रसन्न असो, लहानथोरांचे पाय रंगमंदिरास लागोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाखमास, मुलांस सुटी लागली होती. ते समयी एका राज्यात परीकथांची नाटके मुलांपुढे करावी ऐसा कुळाचार होता. नाटकमंडळीचे धनी नाटक उभे करीत, द्वारकाबाई कलमबहाद्दर जुन्या कथा नव्याने लिहीत, आणि बापूराव वीस वर्षे खासे राक्षस होत. त्यांची डरकाळी उठली म्हणजे पोरे आयांच्या पदराआड जात. मग पडदा पडला की बापूरावांनी मंचाच्या कडेस येऊन बसावे, मुखवटा काढावा आणि पुसावे, "भय कोणास वाटले?" जे पोर "मला" म्हणेल त्याने येऊन त्यांचे नाक चाचपावे, माणूसच आहे ऐसी खात्री करावी, मग मुखवटा आपण घालून डरकाळी मारावी, आणि बापूरावांनी भिऊन थरथरावे. हा रिवाज संहितेत कोठे लिहिला नव्हता.

ऐसियास धन्यांनी बाईंस बोलावून आज्ञा केली की, "आया कुरकुर करतात. पोरं झोपेत दचकतात म्हणे. कथा हसती करा." बाईंची लेखणी आधीच खट्याळ, त्यांत हुकूम जाहला, मग त्यांनी राक्षसास सर्दी दिली, भेंडीचे वावडे दिले, सुईचे भय दिले, आणि सातही डरकाळ्या खोडून तेथे शिंका घातल्या. बापूराव कागद वाचून बोलिले, "बाई, सातही शिंकाच? एक तरी डरकाळी ठेवायचीत." बाई हसून म्हणाल्या, "अहो, वय झालं तुमचं. घशाला तेवढाच आराम." तेव्हां बापूराव "बरं" म्हणाले आणि आठ दिवस तपकीर ओढून शिंकेचा सराव करिते जाहले.

मग प्रयोग जाहला आणि हशाच्या तोफा धडधडल्या, धनी मिशीत हसले, बाई विंगेत फुलून गेल्या, आणि पडदा पडला. बापूराव सवयीने कडेस येऊन बसले, मुखवटा काढिला, पुसिले, "भय कोणास वाटले?" कोणासच वाटले नव्हते. पोरे वेफर्सच्या पुड्या वाजवीत दाराकडे निघाली. दोन वेण्यांची एक मुलगी थबकली, तिने हात पुढे केला, तों मैत्रिणीने तिला मागे ओढिले, "जवळ नको जाऊस गं, त्याला सर्दी आहे!"

बाईंनी हे विंगेतून ऐकिले. तशाच धन्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "शेवटी एक डरकाळी परत घालते." धनी बोलिले, "वेड लागलं का बाई? पंधरा खेळ ठरलेत. जिंकलेला गड कोणी परत देतं का?" गड बाईंनीच जिंकून दिला होता.

मग रंगमंदिर रिकामे जाहले, तरी बापूराव तेथेच बसून होते. बाई पुढे गेल्या आणि त्यांचे नाक चाचपित्या जाहल्या. बापूराव म्हणाले, "तुम्हांला कसलं भय?" बाई म्हणाल्या, "वाटलं. आत्ताच." तेव्हां रिवाजाप्रमाणे बापूरावांनी मुखवटा त्यांच्या तोंडी चढविला, आणि बाईंनी डरकाळी मारावी म्हणून खोल श्वास घेतला, तों आत तपकीर राहिली होती; शिंक आली. बापूराव तरीही भ्याले, थरथरले, जैसे वीस वर्षे भीत आले तैसे.

येणेंप्रमाणे हास्याची फत्ते जाहली, पंधराही खेळ भरले, आणि नाक चाचपण्याचा रिवाज राज्यातून बुडाला. जे कागदी नव्हते ते खोडावेही लागले नाही. घडले तैसे लिहिले. चूक लेखणीची, राक्षसाची नव्हे.