सरसेनापतींचा प्रलंबित अर्ज

पुरवठा कार्यालयाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामागे, जुन्या युद्धातल्या सरसेनापतींचं सहीचं पत्र सापडलं, तेव्हा आवकबाबूंच्या निवृत्तीला महिनाच उरला होता. आवकबाबू म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारून तो पुढच्या टेबलावर ढकलणारे गृहस्थ. निवृत्त झालं की बायकोला समुद्र दाखवायचा, एवढाच त्यांचा जन्मभराचा बेत. तिनं पिशव्याही भरून ठेवल्या होत्या.

पत्राचं कौतुक काय वर्णावं. साहेबांनी सहीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मंत्र्यांनी सहीचं वळण निरखून असे करारी हात आता होत नाहीत म्हणून उसासा टाकला. पत्र काचेच्या चौकटीत गेलं. चौकट जरा आखूड पडली, त्यामुळे सहीवरचा मजकूर लाकडाखाली गेला. पण सही शाबूत होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

अडलं लेखापरीक्षकाचं. त्या माणसाला हाती पडेल ते वाचायची खोड होती. त्यानं चौकट उघडवून पत्रच वाचलं. सरसेनापतींनी लिहिलं होतं : ‘माझी माणसं बर्फात अनवाणी उभी आहेत. बूट पाठवा. उत्तराची वाट पाहतो.’ उत्तर गेल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे अर्ज प्रलंबित. आणि ज्याच्या टेबलावर कागद प्रलंबित, त्याला निवृत्त होता येत नाही.

“अहो, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता,” आवकबाबू म्हणाले.

“टेबल होतं ना?”

टेबल होतं. त्याचा एक पाय तर त्याच काळापासून विटेवर होता.

घरी बायको म्हणाली, त्यात काय एवढं, बूट द्या नाहीतर नाही म्हणा. बाबूंना तिच्या भाबडेपणाचं हसू आलं. हो म्हणायला पैसे लागतात, नाही म्हणायला अधिकार. कारकुनाच्या हाती तिसरीच विद्या असते : त्रुटी काढणं. त्यांनी रीतसर नोटीस तयार केली. सैनिकांच्या पायांची मापं जोडलेली नाहीत. बर्फ पडल्याचा दाखला नाही. अर्जदारानं ओळखपत्रासह समक्ष हजर राहावं, अन्यथा बुटांची गरज उरलेली नाही असं समजण्यात येईल. जनतेपैकी कुणाची हरकत असल्यास तीही मुदतीत नोंदवावी.

अर्जदार वारले असावेत, असं साहेबांनी सुचवून पाहिलं. पण मृत्यूचा दाखला फायलीत नव्हता, आणि दाखला नाही तोवर माणूस जिवंत. नोटीस टपालानं गेली तशी परत आली. मग ती शेवटच्या ज्ञात ठिकाणी डकवायचं ठरलं. सरसेनापतींचं शेवटचं ज्ञात ठिकाण म्हणजे चौकातला त्यांचा पुतळा. आवकबाबू खळ घेऊन गेले, चौथऱ्यावर नोटीस चिकटवली आणि पंक्चरवाल्याला व किल्ल्या करणाऱ्याला पंच करून पंचनामा लिहिला : ‘अर्जदार समक्ष उभे आढळले. विचारणेस उत्तर दिले नाही. पायात गुडघ्यापर्यंत बूट, सुस्थितीत.’

साहेबांनी पंचनामा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “सुटलात, बाबू. अर्जदाराकडे बूट आहेत. मागणीच खोटी.”

“पण साहेब, त्यांनी माणसांसाठी मागितले होते.”

“माणसं दिसली का तुम्हाला चौथऱ्यावर?”

आता मुदत संपली की शेवटचा शेरा मारायचा, एवढंच राहिलं. त्या दिवशी जेवताना बायकोनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या आजोबांच्या पायांना बोटं नव्हती ना हो?”

“नव्हती.”

“कुठल्या लढाईत गेली म्हणायचे?”

“ह्याच,” आवकबाबू ताटाकडे बघत म्हणाले.

“तर मग तुम्हीच घ्या की हरकत,” ती म्हणाली.

हरकत आली तर अर्ज पुन्हा प्रलंबित, आणि आपण पुन्हा टेबलावर, मरेपर्यंत. हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. “समुद्र काय कुठे पळून जात नाही,” ती म्हणाली. पण म्हणताना तिची नजर पिशव्यांवर होती, आणि ती त्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरा लिहिला, ‘गरज आढळून आली नाही, निकाली,’ आणि खाली सही केली. ती काही कुणी चौकटीत लावणार नव्हतं.

निरोपसमारंभात कार्यालयानं त्यांना फिरायला जायचे बूट भेट दिले. समुद्रावर पोचल्यावर त्यांनी ते काढून हातात धरले आणि थंड वाळूत आपली बोटं मोजत उभे राहिले. दहाच्या दहा होती. बायको पुढे पाण्यात जाऊन हाका मारत होती, पण बराच वेळ त्यांचा पाय उचलेना.

नोटीस अजून चौथऱ्यावर आहे. चौकातून रोज सगळं गाव ये-जा करतं. एकही हरकत आली नाही. म्हणून सर्वांची संमती गृहीत धरून फाईल बंद झाली. तुमचाही रस्ता तोच असेल, तर तुमची संमती त्या फायलीत लागलेली आहे. तिला सही लागत नाही.