जाहिरातीवर लावलेला नवरा

आमच्या गावात ज्याचा फोटो जाहिरातीच्या फ्लेक्सवर लागतो, तो माणूस फ्लेक्स उतरेपर्यंत घरी नसतो. तो वर असतो. म्हणून आमच्याकडे धंद्याचं जाहिरातीचं बजेट रुपयांत ठरत नाही, घरातल्या माणसांत ठरतं. मोठ्या शहरांत म्हणे नुसते पैसे टाकून जाहिरात करतात आणि घरातली सगळी माणसं संध्याकाळी जेवायला हजर असतात. असेल बाई. ज्यांना परवडतं त्यांनी करावं.

मी कुमुदिनी ताटे. एसटी स्टँडच्या रस्त्यावर आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. मिरच्या मी निवडते, हिशेब मी बघते, गिऱ्हाइकांशी भांडणं मी करते. आमचे हे, दिगंबर, मसाला भाजतात. उरलेला वेळ घरभर फिरून पंखे बंद करतात. कुणी पंख्याखाली बसलेलं असलं तरी बंद करतात.

दुकान बरं चाललं होतं. मग शिमग्याला समोर सुधाकर त्रिंबकेने मसाल्याचं दुकान काढलं आणि पहिल्याच दिवशी आई लावली. धंद्यात उतरावं तर असं! हा एवढा थोरला फ्लेक्स, त्यावर नऊवारीतली आई, हातात वाटी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आईच्या हातची चव’. आई वर, मग खाली चव कुणाच्या हातची, हे विचारायला कुणाला सवड होती? रांग लागली. आमच्याकडे वर्षानुवर्षं मिरच्या घेऊन येणाऱ्या बायका मान खाली घालून पलीकडे जायला लागल्या. हा सीझन हातचा गेला तर कांडपाचं मशीन विकावं लागणार, हे मला मिरचीच्या खकाण्यातही स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा पाडव्याच्या आधी बजेटची बैठक घेतली. मिरच्यांच्या पोत्यांवर बसलो. मी, हे, सासूबाई, चुलत दीर गजानन आणि सल्ला द्यायला फ्लेक्सवाले इंगवले.

इंगवले म्हणाले, “वहिनी, छोट्या धंद्याने घरातल्या माणसांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त माणूस जाहिरातीत घालू नये, असं आमच्या लाइनीत मानतात. तुम्ही घरात चार. म्हणजे एक माणूस बसतो.”

“आणि खाली शुभेच्छुकांची ओळ टाकली तर?” ह्यांनी विचारलं.

“ते गोल फोटोवाले? ते अर्धवेळ धरतात. दुपारी जातात, चहाला परत येतात. पण त्यांचा उपयोग शून्य. नुसती हौस.”

“मग गजाननलाच लावू परत,” मी म्हटलं. गेल्या वर्षी त्यालाच लावला होता. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. सबंध सीझन वर होता आणि एक माणूस दुकानात फिरकला नव्हता. घरात मात्र सगळ्यांना झोप चांगली लागायची.

इंगवल्यांनी चष्मा काढून पुसला. “तुमचं तिथेच चुकतं, वहिनी. सगळे छोटे धंदेवाले हीच चूक करतात. जो घरात नको असतो, त्याला जाहिरातीत घालतात. फ्लेक्स तोंडावर चालत नाही. वर गेलेल्या माणसाची घरी आठवण किती येते, त्यावर चालतो. जेवढी आठवण, तेवढं गिऱ्हाईक. त्रिंबकेने आई उगीच लावली का?”

गजाननला वाईट वाटलं नाही. त्याने एक मिरची उचलली, देठ मोडला आणि म्हणाला, “मी तर तेव्हाच म्हणत होतो.”

 मला लावता येत नव्हतं, कारण मग दुकान कोण बघणार? सासूबाईंना लावावं तर त्यांची आठवण मला किती येईल, हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारण्यासारखा नव्हता. राहता राहिले हे.

“मलाच लावा,” हे म्हणाले. “आठवण येते की नाही, तेवढं तरी कळेल.” आणि हसले.

“येईल हो,” मी म्हटलं. “विजेचं बिल आलं की नक्की येईल.”

सासूबाई सरसावून बसल्या. “लावा माझ्या लेकाला. मी आई आहे. माझ्या एकटीच्या जिवावर दुकान भरेल. हिचं हिने बघावं.”

ठराव झाला. नगरपालिकेत अर्ज केला. सदर इसम वर असताना त्याची घरातली कामं कोण करणार, असा एक रकाना असतो. तिथे मी ‘विशेष कामे नाहीत’ असं लिहिलं. साहेबांनी शिक्का मारला.

ह्यांना हात जोडून उभं केलं, फोटो काढला, आणि तिसऱ्या दिवशी हे वर गेले. स्टँडातून उतरणाऱ्याला दिसावं म्हणून फ्लेक्सचं तोंड स्टँडकडे बांधलं. दुकानातून मला ह्यांची पाठही दिसत नव्हती, नुसते मागचे बांबू दिसायचे.

पहिल्या दिवशी तीन-चार गिऱ्हाइकं आली. सासूबाई गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुणी पायरी चढलं की म्हणायच्या, “हा माझा.” पुढचं आलं की, “हीही माझीच. सकाळी आंघोळ करताना दिगूची आठवण आली होती, ती ही.” हळूहळू रांग लागली. सासूबाईंच्या मैत्रिणी येऊन त्यांचं अभिनंदन करून जायच्या. आईचं काळीज ते आईचं काळीज, असं माझ्या तोंडावर म्हणायच्या. मी आपली वजनं टाकत होते. म्हटलं, असेल. आपल्याला काय, धंद्याशी मतलब.

मग नणंदेचं पोट दुखायला लागलं आणि सासूबाईंना तिच्याकडे जावं लागलं, शेजारच्या तालुक्यात. मी धावत इंगवल्यांकडे गेले.

“अडचण आहे,” ते म्हणाले. “तालुक्याबाहेर काढलेली आठवण इथे धरत नाहीत. हद्दीचा प्रश्न येतो.”

“म्हणजे रांग जाणार?”

“आता तुमच्या एकटीवर आहे, वहिनी. गजाननला कुणाची आठवण येत नाही.” आणि हा मनुष्य माझ्याकडे असा दयेने बघायला लागला, की त्याच्या टेबलावरचा गोंदाचा डबा त्याच्या डोक्यात ओतावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला गेले, तर रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं, बँकेची असेल. पुढच्या दिवशी पोस्टाच्या पलीकडे गेली. रोज रात्री सासूबाईंचा फोन यायचा, “कमी झाली ना गं रांग?” मी म्हणायचे, “जरा झालीय.” म्हातारं माणूस, उगीच कशाला दुखवा.

आणि अख्ख्या गावाला दिसत होतं! याहून लाजिरवाणी गोष्ट कुठली असेल? लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्याविषयी चार चांगले शब्द मी कधी चारचौघांत बोलले नाही. आणि आता माझ्या मनात काय चाललंय ते रस्त्यावर पिशव्या घेऊन उभं होतं. भाजीला जायची सोय राहिली नाही. बायका गालात हसायच्या. “आज रांग जरा जास्तच आहे हो वहिनी. रात्री झोप नाही वाटतं?”

मी चिडून ठरवलं, ह्यांचे दोषच आठवायचे. चहा बशीत ओतून फुर्रकन पितात. टॉवेल ओला तसाच गादीवर टाकतात. सिनेमात कुणी मेलं की मोठ्याने रडतात आणि शेजारी काय झालं म्हणून विचारायला येतात. एकेक दोष घट्ट धरून आठवला. दुपारपर्यंत रांग गुरांच्या बाजारापर्यंत गेली.

“दोष आठवले तरी वाढते, इंगवले! हा काय प्रकार?”

“आठवण ती आठवण, वहिनी. चांगली-वाईट असा भेद नगरपालिका करत नाही.”

मसाल्याची वेगळीच गंमत. ह्यांच्या मागे भाजणी मीच करत होते आणि मला ती कधी जमली नाही. धणे करपत होते, खोबरं कच्चं राहत होतं. पण रांगेतली माणसं तो काळाकुट्ट मसाला नाकाशी धरून डोळे मिटायची. “वा! काय वास आहे! आमच्याकडे दुसरा चालतच नाही.” एका शिक्षकाने तर करपलेल्या भागाला ‘अस्सल धुरकट चव’ असं नाव दिलं आणि दोन किलो नेला. जाहिरात चालायला लागली की मालाची फार काळजी करायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

एक दिवस दुपारी रांगेला ‘जेवणाची सुट्टी’ सांगून मी स्टँडवर गेले आणि ह्यांना समोरून पाहिलं. हात जोडलेले, हसू तसंच. उन्हाने शर्टाचा रंग उडत चालला होता. खांद्यावर कावळ्याने घाण केली होती. मला सांगायचं होतं, की अहो, बघा, तुमच्या नावाने काय चाललंय तिकडे. पण स्टँडवर माणसं होती. मी म्हटलं, “डोक्यावर ऊन आलंय तुमच्या.” कंडक्टरने मला बाजूला व्हायला सांगितलं.

संध्याकाळी खडा मसाला भाजला. भाजणी उतरली, की चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवून “बघ गं,” म्हणायची ह्यांची पद्धत. मी कढई उतरवली आणि तळहात पुढे केला. बराच वेळ तसाच धरला. मग लक्षात आलं, आणि मी तिथेच चुलीपाशी बसून रडले. चांगली हमसून रडले, मिरचीचं निमित्तही केलं नाही. बाहेर गलका वाढला होता. रांग इतकी लांबली, की एसटी अडकली आणि पोलिसाला बोलवावं लागलं.

मी मागची शिडी काढली.

इंगवले धावत आले. “वहिनी, काय करताय? चालती जाहिरात कुणी उतरवतं का? अजून सगळा वैशाख बाकी आहे. असा प्रतिसाद मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही!”

“शिडी धरा,” मी म्हटलं. “हलतेय.”

दोऱ्या मी विळीने कापल्या. फ्लेक्स खाली आला आणि हे शेजारी उभे. पाठ धरली होती, जोडलेले हात लवकर सुटेनात. रांगेतली माणसं झोपेतून उठल्यासारखी एकमेकांकडे बघायला लागली. आपण इथे कशाला उभे, म्हणून पांगली. एकाने मोजून घेतलेला मसाला परत गोणीत ओतला. परत रांगेत लागलेल्या त्या शिक्षकाने वास घेऊन पाहिला आणि म्हणाला, “करपलाय की हो हा.” पाच मिनिटांत सगळे पलीकडे त्रिंबकेच्या रांगेत.

ह्यांना घरात आणलं, चहा दिला. ह्यांनी तो बशीत ओतला, पण प्याले नाहीत. स्टँडकडे तोंड असल्यामुळे ह्यांना दुकानातलं काहीच दिसलं नव्हतं.

“एवढ्या लवकर उतरवलंस,” हे म्हणाले. “म्हणजे आलं नाही ना कुणी?”

“आलं.”

“किती?”

“गुरांच्या बाजारापर्यंत रांग होती. एसटी अडकली.”

ह्यांनी जरा विचार केला. “आईचं असेल ते.”

“आई तालुक्याबाहेर होत्या.”

ह्यांनी बशी उचलून परत खाली ठेवली. कान लाल झाले होते. मग एकदम धंद्याच्या माणसासारखे तडकले, “अगं, मग उतरवलंस कशाला? वेड लागलंय का तुला?”

“करमत नव्हतं,” मी म्हटलं. “अजिबात करमत नव्हतं.”

ह्यांनी बशी तोंडाला लावली आणि फुर्रकन चहा प्याले.

त्यानंतर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. हे रोज नीट भाजणी करत होते, वास स्टँडपर्यंत जात होता, आणि लोक नाकाला रुमाल लावून पलीकडच्या रांगेत उभे राहत होते. आठवडा असाच गेला. मग त्रिंबके स्वतः आला. त्याला गर्दी आवरत नव्हती, दुसरं मशीन हवं होतं. सौदा झाला. मी वाईट वाटून घ्यायचं ठरवलं होतं, पण हे शेजारी दगडफूल निवडत बसले होते, तेव्हा ते नीट जमलं नाही. घरी उखळ आहे. नेहमीच्या चार बायकांपुरतं कुटून देऊ.

सौदा झाला तरी त्रिंबके उठेना. ह्यांच्याकडे बघत होता. मग त्याच्या फ्लेक्सच्या मागच्या बांबूंकडे. त्यालाही त्याच्या दुकानातून तेवढंच दिसतं.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “उतरवायला काय लागतं हो?”

“शिडी.”

“तसं नव्हे. परवानगी, दाखला वगैरे?”

“काही नाही लागत. शिडी लागते. मागे आहे आमची. मशीनबरोबर टेम्पोत घालून न्या.”

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली. रांग आणखी वाढली होती, मघापेक्षा कितीतरी. “एवढा सीझन जाऊ दे,” तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून धावत गेला.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्रिंबकेला दिसावी म्हणून मी शिडी अगदी दारात उभी करून ठेवली होती. त्याच्या माणसांनी ती नीट उचलून बाजूला ठेवली आणि मशीन बाहेर काढलं.