सोमणपंतांच्या होकाराची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नहर्त्यास नमन, आणि दार उघडणाऱ्या गिऱ्हाईकासही नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, फाल्गुनमासी, पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणाऱ्या एका थोर दौलतीत जे वर्तले ते ऐसे. आम्ही त्या दरबारी गिऱ्हाइकांच्या होकार-नकाराची उमेदवही लिहीत होतो, सबब डोळां देखिले तेच लिहितो; कोणी खोटे म्हणेल तर म्हणो बापडा.

दौलतीचे सरनोबत धैर्यशीलराव. ते दर सोमवारी सदर भरवीत आणि विक्रीवरील एकेका शिलेदारास उभे करून पुसत, "किती गड घेतले?" यंत्र विकले की सदरेवरची पितळी घंटा वाजवावी, सर्वांनी टाळ्या पिटाव्या, शिलेदाराची छाती फुगावी, आणि मग पुढल्या सोमवारी त्याचे लक्ष्य वाढवावे, ऐसा शिरस्ता. उमेदवहीत रकाने दोनच, होकार आणि नकार. आणि मुलखातले लोक तर ना हो म्हणत ना नाही. चहा पाजत, पत्रक ठेवून घेत, आणि "बघतो, कळवतो" बोलत. त्यावर सरनोबतांचा हुकूम की, "नाही म्हणाला का? नाही. म्हणजे होच म्हणाला. लिहा, नक्की." आम्ही लिहीत होतो. पोटासाठी माणूस काय लिहीत नाही!

शिलेदारांत निळकंठराव बोंद्रे म्हणून होते, जिभेवर साखर आणि पायांस भिंगरी. त्यांस वर्षअखेर एक यंत्र कमी पडत होते, आणि ते न विकल्यास चाकरी जाणार हे ठरले होते. वहीत त्यांचे नावे एकच होकार उरला. दिगंबरपंत सोमण, एका गृहसंस्थेचे चिटणीस, आषाढात "बघतो, कळवतो" म्हणाले होते. निळकंठराव भर दुपारी त्यांचे दारी गेले, तो भिंतीस तसबीर आणि तसबिरीस हार. पंत श्रावणातच वारले होते. मग निळकंठराव परतोन आमच्या कानी लागले, "भाऊसाहेब, खोडू नका हो. सोमवारपर्यंत नाव राहू द्या." आम्हांस दया आली आणि आम्ही खोडले नाही. तेथेच चुकलो.

सोमवारी सदर भरली आणि सरनोबतांनी पुसले, "सोमणांचे काय जाहले?" निळकंठराव खरे सांगावयास उठले, तोच त्यांचा फोन वाजला, आणि पडद्यावर नाव उमटले, सोमण. सर्वांस ऐकू यावे म्हणोन सरनोबतांनी आवाज मोठा करविला. पंतांचा आवाज आला, आडातून यावा तैसा. "कळवतो म्हणालो होतो, म्हणून कळवतो. यंत्र घेतो. इथे तहान फार आहे हो. तुम्ही स्वतःच घेऊन या."

सरनोबतांनी घंटा वाजविली. निळकंठराव ओरडले, "साहेब, अहो ते गृहस्थ वारलेत!" सरनोबत बोलिले, "मग तिकडे आपला दुसरा कोणी नाही ना? तो सारा मुलूख तुम्हांस दिला." आणि शाल पांघरविली, आणि चाकरी कायम केली, आणि आम्ही सर्वांनी टाळ्या पिटल्या. देवा, पिटल्या! मग निळकंठरावांनी यंत्र खांद्यास घेतले आणि उन्हात चालू लागले. वळणापर्यंत दिसले, पुढे दिसले नाहीत.

तेव्हांपासून दर सोमवारी त्यांचा फोन येतो, "आणखी चार. घंटा वाजवा." लक्ष्य वाढते आणि ते पुरे करतात. वैशाखात त्यांचे कुटुंब वृषालीबाई सदरेवर आल्या आणि म्हणाल्या, "यांना घरी कधी पाठवता? वाट बघून डोळे शिणले माझे." सोमवारच होता. फोन आला, तो सरनोबतांनी बाईंचे हाती दिला. बाईंनी विचारिले, "अहो, कधी येताय?"

पलीकडे बराच वेळ पाणी ठिबकत राहिले. मग तोच साखरेचा आवाज आला, "बघतो, कळवतो."

बाईंनी फोन परत दिला. सरनोबत आम्हांकडे वळोन बोलिले, "नाही म्हणाले का? नाही. मग लिहा, नक्की."

आम्ही लिहिले. सारांश, दौलतीचे लक्ष्य पुरे जाहले, वृषालीबाईंचे दार अद्याप उघडे आहे, आणि वहीत होकार आमच्याच अक्षरात आहे. हकीकत पुरी.